कोरे रिव्हॉल्व्हर : झाडावे की जपावे?

मराठवाड्यात जुन्या घरांच्या वाटण्या होतात तेव्हा जमीन, घर, दागिने, तांब्यापितळेची भांडी यांचा हिशेब कसाबसा लागतो. गाडी अडते ती एखाद्याच वस्तूपाशी. अहमदपूर, उदगीर, कंधार या पट्ट्यात अशी अडणारी वस्तू कधी कधी शस्त्र असते. तलवार असली तर ती भिंतीवर जाते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेले, आजोबांनी परवान्यावर घेतलेले विलायती रिव्हॉल्व्हर निघाले, तर मात्र घरात दोन तट पडतात.

समजा, हे रिव्हॉल्व्हर आजोबांनी घेतल्यापासून एकदाही झाडलेले नाही. नातू म्हणतो, ‘एकदा तरी बार काढून पाहू. चालते की नाही ते तरी कळेल. शस्त्र आहे ते, शोभेची वस्तू नव्हे.’ थोरले काका म्हणतात, ‘इतकी वर्षे कोरे राहिले, आता कशाला हात लावायचा?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा वाद आवाज चढवून मिटणारा नाही. त्याची थोडी उकल करावी लागते, आणि ती योग्य क्रमाने करावी लागते. आज आपण तेच करणार आहोत.

आधी थोडा इतिहास. अहमदपूर तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. एकाच घराचे कागद अशा रीतीने तीन जिल्ह्यांच्या आणि दोन राज्यव्यवस्थांच्या दप्तरांतून फिरले. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे जुन्या शस्त्राबरोबर एखादा उर्दू कागद निघाला तर तो रद्दीत घालू नका. जमिनीला जसा सातबारा, तसा शस्त्राला तो कागद. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता पहिला मुद्दा. ‘कोरे’ म्हणजे नेमके काय? एकही गोळी न झाडलेले रिव्हॉल्व्हर, असे आपण म्हणतो, पण काटेकोरपणे पाहिले तर तसे रिव्हॉल्व्हर जवळजवळ नसतेच. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्यापूर्वी सरकारमान्य परीक्षागृहात तिची चाचणी घेणे कायद्याने सक्तीचे आहे. लंडनच्या बंदूककार संघाला सनद मिळाली 1637 मध्ये, तर बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जास्त भाराचे काडतूस भरून शस्त्र झाडतात. ते टिकले तरच त्यावर शिक्का उठतो. आपल्याकडे ज्यांना आदराने ‘विलायती’ म्हणतात त्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवर हे बारीक शिक्के नळीवर, सांगाड्यावर आणि काडतुसे भरायच्या गोल चक्रावरही दिसतात. अमेरिकेतल्या कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन या कंपन्याही माल बाहेर पाठवण्यापूर्वी कारखान्यातच गोळ्या झाडून पाहत. तेव्हा ‘कोरे’ याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर न झाडलेले.

यातून एक गोष्ट आपोआप निकालात निघते. ‘चालते की नाही ते एकदा पाहू’ हा नातवाचा युक्तिवाद. ते चालते हे कारखान्याने एकदा पाहिलेले आहे. आज शोधायचे आहे ते वेगळेच. पन्नास-सत्तर वर्षे पेटीत पडून राहिल्यावर ते सुरक्षित उरले आहे का? आणि हे गोळी झाडून ठरवायचे नसते. ते जाणकार कारागिराकडून उघडून, मोजून, तपासून ठरवायचे असते. गोळी झाडून पाहणे म्हणजे पूल पक्का आहे का हे पाहण्यासाठी त्यावरून भरलेली एसटी नेण्यासारखे आहे.

शस्त्र खरोखर कोरे आहे का, हे ओळखण्याच्याही खुणा आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्यात अगदी केसाएवढी फट असते. गोळी सुटते तेव्हा तापलेला वायू त्या फटीतून बाहेर फुटतो आणि चक्राच्या पुढच्या तोंडावर, भोकांभोवती, काळपट कडी उमटवतो. पुष्कळ गोळ्या झाडल्या की वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक खाचही पडते. चक्राच्या बाहेरच्या अंगावर गोल रेघ दिसली, तर मात्र तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. ती रेघ चक्र फिरवल्याने पडते, झाडल्याने नव्हे. घरोघरी रिकामे रिव्हॉल्व्हर हातात घेऊन चक्र गरगर फिरवण्याची आणि ‘टक्‌ टक्‌’ चाप ओढण्याची हौस असते, तिची ती खूण. म्हणजे एकही गोळी न झाडता घरच्यांनीच त्याचे कोरेपण थोडे थोडे झिजवलेले असते.

ही खरी अडचण आहे. पहिली गोळी परत घेता येत नाही. चक्राच्या तोंडावरचा काळा डाग पुसता येतो, पण घासून पुसला की त्याबरोबर मूळ निळसर झिलईही जाते. झिलई नव्याने चढवता येते, पण मग ते मूळ राहत नाही. ‘न झाडलेले’ ही अवस्था एकदाच मिळते. ‘झाडलेले’ ही अवस्था मात्र केव्हाही मिळवता येते, आज, उद्या किंवा वीस वर्षांनीही. निर्णय घेताना हा फरक मनात ठेवला पाहिजे. शंका असेल तेव्हा जो निर्णय उद्या बदलता येईल, तो आज घ्यावा.

परंतु झाडावे की जपावे हा प्रश्न विचारण्याच्याही आधी एक प्रश्न आहे. हे शस्त्र आज कायद्याने आपल्या घरात असू शकते का? पुष्कळ घरांत याचे उत्तर ‘नाही’ असे असते आणि कोणाला त्याची कल्पनाही नसते. परवाना आजोबांच्या नावाचा. आजोबा गेले, परवाना तिथेच संपला. शस्त्र पेटीतच राहिले. ‘आमच्या आजोबांचे आहे’ हे कोर्टात उत्तर होत नाही.

1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने वाढवली. आता ती किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड, अशी आहे. कोणी म्हणेल, जुन्या, पुराणवस्तू झालेल्या शस्त्रांना सूट आहे ना? आहे, पण ती नीट वाचावी लागते. कायद्याच्या 45 व्या कलमातली सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना आहे, आणि तीही ती शस्त्रे दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसतील तरच. म्हणजे गंमत पाहा. गंजून गेलेली, मोडकी ठासणीची बंदूक सुटेल, पण जिवापाड जपलेले कोरे रिव्हॉल्व्हर सुटणार नाही. ते जितके उत्तम राखलेले, तितके ते कायद्याच्या नजरेत पुरते शस्त्र. 2020 मध्ये केंद्र सरकारने ‘क्युरिओ’ वर्गातली छोटी शस्त्रे जवळ ठेवण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्यातून मोकळीक दिली. मात्र ती वापरण्यासाठी किंवा नेण्या-आणण्यासाठी परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांची काडतुसे मिळत नाहीत. आपले शस्त्र या वर्गात बसते की नाही, हे आपण घरी ठरवायचे नसते. तो निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावा.

मग वारसाने करायचे काय? शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे, पावती घ्यायची आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे वारसा हक्काने परवान्यासाठी अर्ज करायचा. अर्जदाराचे वय 21 च्या वर हवे. परवाना मिळाला की शस्त्र परत मिळते, किंवा ते परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस विकता येते. विकण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. परंतु जमा करून विसरून गेलात, तर मुदतीनंतर ते सरकारजमा होते. जुनी शस्त्रे गोळी झाडल्याने जेवढी हातची जात नसतील, तेवढी या विसरण्याने जातात.

शिवाय 2019 च्या दुरुस्तीने आणखी एक पेच आणला आहे. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत, आता दोनच. वारसा हक्काने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे आखाड्यावरच्या राखणीसाठी बाराबोअर आहे आणि स्वतःच्या रक्षणासाठी दुसरे शस्त्र आहे, त्याला आजोबांच्या आठवणीसाठी जागाच उरत नाही. भावाच्या, मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने अर्ज करावा का, हा विचार वाटणीच्या बैठकीतच व्हायला हवा. पुढे ढकलला की तो राहूनच जातो.

नातवाच्या मनात लग्नाच्या वरातीत एक बार काढायचा विचार असेल, तर तो तिथेच सोडून द्यावा. समारंभात आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर झाडलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाच्या अंगणात येईल हे झाडणाऱ्याच्या हातात नसते.

कायद्याचे झाले. आता पैशाचे बोलू. ‘कोरे आहे, लाखोंची वस्तू आहे, झाडले तर किंमत जाईल’ असे काका म्हणतात. हे म्हणणे अमेरिकेत खरे आहे. तिथे जुन्या शस्त्रांचा मोठा संग्राहक वर्ग आहे आणि मूळ खोक्यासह, मूळ झिलईसह, न वापरलेल्या शस्त्राला तो वाढीव दाम देतो. कोल्ट कंपनीने 1847 मध्ये बनवलेली ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरे साधारण अकराशे. त्यांपैकी मूळ लाकडी पेटीसह टिकलेले एक 2018 मध्ये तिथल्या लिलावात 18 लाख 40 हजार डॉलरना गेले.

पण हा भाव आपल्या पेटीतल्या रिव्हॉल्व्हरला लावता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. त्याहून अलीकडची असली तरी शस्त्राची निर्यात हा काही टपालाने करायचा व्यवहार नव्हे. म्हणजे गिऱ्हाईक इथलेच, आणि तेही परवाना असलेले. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची किंमत फुगली. पण देणारा ती मुख्यतः चालते शस्त्र म्हणून देतो, कोरी वस्तू म्हणून नव्हे. त्याला नळी स्वच्छ हवी असते, चक्र घट्ट हवे असते आणि कागद पुरे हवे असतात. जाणकाराच्या हाताने, योग्य काडतुसाने झाडलेल्या पाच-सहा गोळ्यांनी भारतातल्या बाजारभावात फारसा फरक पडू नये. तेव्हा काकांनी जपण्याची बाजू जरूर मांडावी, पण पैशाच्या आधारावर मांडू नये. तो आधार कच्चा आहे.

मग जपण्याला पक्का आधार कोणता? दोन आहेत. एक माहितीचा, दुसरा सुरक्षिततेचा.

माहितीचा आधार समजण्यासाठी एक खरी हकीगत सांगतो. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरमध्ये साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणात भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू फासावर गेले. भगतसिंगांच्या हातात होते ते कोल्ट कंपनीचे .32 बोअरचे पिस्तूल. ते पुढे कुठे गेले हे अनेक दशके लोकांना ठाऊक नव्हते. शेवटी ते सापडले इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहात, इतर शस्त्रांच्या ओळीत. जपणूक म्हणून त्यावर काळा रंग चढवला होता. तो रंग खरवडून खालचा क्रमांक वाचला, तो खटल्याच्या कागदपत्रांतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, तेव्हा ओळख पटली. 2017 मध्ये ते पंजाबात हुसैनीवाला येथील संग्रहालयात गेले. पाहा, इथे शस्त्राला मोल आले ते कागद आणि क्रमांक यांच्या जोडीमुळे. आणि चांगल्या हेतूने फासलेल्या रंगाने तीच जोडी झाकून टाकली होती.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत शेरीफ पॅट गॅरेटने 1881 मध्ये ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने ‘बिली द किड’ या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला मारले, ते 2021 च्या लिलावात 60 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. ते रिव्हॉल्व्हर कोरे नव्हते. ते झाडले गेले म्हणूनच त्याला किंमत आली. म्हणजे कोरेपणात जादू नाही. वस्तूबरोबर काय घडले आणि ते सिद्ध करता येते का, यात मोल आहे. आपल्या घरच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ‘आजोबांनी हे घेतले, बाळगले आणि कधी झाडले नाही’ हीच त्याची हकीगत आहे. धामधुमीच्या काळात हाताशी शस्त्र असूनही ते वापरावे लागले नाही, किंवा वापरले नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. चक्राचे स्वच्छ तोंड हा तिचा पुरावा. गोळी झाडली की पुरावा गेला, उरली ती नुसती सांगोवांगी.

दुसरा आधार सुरक्षिततेचा. जुन्या शस्त्राबरोबर बहुधा जुनी काडतुसेही निघतात. ती कधीही झाडू नयेत. दारू ओलावलेली असेल तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि आठ-पंधरा दिवसांत नळी आतून गंजते. नुसत्या तेलाने तो क्षार निघत नाही, आधी पाण्याने विरघळवावा लागतो. कोऱ्या नळीचा असा नाश एका दुपारच्या हौसेने होऊ शकतो.

नवी काडतुसे आणली तरी घोटाळा टळतोच असे नाही. ‘.32’ या एकाच आकड्याखाली वेगवेगळी काडतुसे येतात. रिव्हॉल्व्हरचे वेगळे, पिस्तुलाचे वेगळे. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या चक्रात जाऊन बसते, पण त्याचा दाब जास्त असतो. बसले म्हणजे चालते, असे नाही. फार जुने शस्त्र असेल तर ते काळ्या दारूच्या काळातले असू शकते. धूररहित दारू 1884 नंतर आली आणि तिचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो. ब्रिटिश शिक्क्यांमध्ये ‘एनपी’ ही अक्षरे असतील तर ते शस्त्र धूररहित दारूसाठी तपासलेले असते. ती नसतील तर विषय तिथेच थांबवावा.

आता नातवाची बाजूही न्यायाने मांडू, कारण तिला वजन आहे. पेटीतले रिव्हॉल्व्हर अगदी नेहमीच्या धाटणीचे असेल, हजारोंनी बनलेले, त्याच्याबरोबर ना खोके, ना कागद, ना काही हकीगत, झिलई आधीच उडालेली, तर त्याचे कोरेपण सांभाळण्यात मोठा अर्थ नाही. यंत्र वापरासाठी बनवलेले असते आणि ते नीट वापरणाऱ्याचा आनंद खोटा नसतो. अशा वेळी झाडायला हरकत नाही. मात्र रीत पाळावी. परवाना स्वतःच्या नावावर आणि चालू असावा. परवानाधारक कारागिराने शस्त्र तपासून चक्र आणि नळी एका रेषेत आहेत, घोडा नीट बसतो, आतले जुने ग्रीस चिकट झालेले नाही, असे सांगितलेले असावे. काडतूस नेमके त्याच शस्त्राचे असावे. जागा म्हणजे शेताचा बांध नव्हे, मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्र, तेही त्यांच्या पूर्वपरवानगीने. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आणि झाडल्यावर त्याच दिवशी नळीची व चक्राची सफाई.

पण कारण ‘रक्षणासाठी तयार असावे’ असे असेल, तर आजोबांचे रिव्हॉल्व्हर हा चुकीचा पर्याय आहे. रक्षणाचे शस्त्र सरावाने हातात बसलेले लागते, त्याचे सुटे भाग मिळावे लागतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यात वेब्लीच्याच धाटणीवर बेतलेले .32 रिव्हॉल्व्हर तयार होते. ज्याला खरी गरज आहे, त्याने तसे नवे घ्यावे आणि त्यावर सराव करावा. आठवण आणि हत्यार ही दोन कामे एकाच वस्तूवर लादू नयेत.

जपायचे ठरले तरी काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. पेटीत टाकून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. या बाबतीत दूर जायला नको. अहमदपुराहून लोहामार्गे नांदेडला जा. गुरू गोविंदसिंग यांचे 1708 मध्ये नांदेडला देहावसान झाले. तिथल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे त्यांच्या काळातली शस्त्रे जतन केलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे पाणी आणून तख्त-स्नान होते आणि तेव्हा ही शस्त्रे स्वच्छ केली जातात. यामागे श्रद्धा आहेच, पण शिस्तही आहे. काळ ठरलेला, माणसे ठरलेली, रीत ठरलेली. तीनशे वर्षांहून जुने पोलाद टिकते ते अशा नेमाने.

आपल्या घरीही खंडेनवमी असते. शस्त्र वर्षातून एकदा बाहेर निघते, हे चांगलेच आहे. मात्र हळद-कुंकू थेट पोलादावर वाहू नये. ती बारीक पूड ओलावा धरते, सांध्यांत आणि चक्राच्या फटीत जाऊन बसते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथे गंज धरतो. शस्त्र स्वच्छ कापडावर ठेवावे आणि हळद-कुंकू कापडाला लावावे. फुले, पाणी दूरच ठेवावे. पूजा झाली की मऊ सुती कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. थबथबीत तेल घालू नये. ते लाकडी मुठीत मुरते आणि आत घट्ट होऊन बसते. मूठ हस्तिदंती असेल तर तिला तेल लावूच नये.

बाकीचे नियम सोपे आहेत. हातात घेताना पहिल्यांदा चक्र उघडून ते रिकामे आहे याची खात्री करावी, दर वेळी, ‘रिकामेच आहे’ असे कोणी सांगितले तरीही. उघड्या हाताने पोलादाला स्पर्श करू नये, घामातले मीठ बोटांच्या ठशांच्या आकाराचा गंज उठवते. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओलावा धरते. चक्र फिरवू नये, रिकामा चाप ओढू नये. पितळ उजळायची पावडर किंवा पॉलिश लावू नये. गावातल्या कोणाकडून नवी झिलई चढवून घेऊ नये. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून निर्धास्त राहू नये. जुलै-ऑगस्टची दमट हवा बंद कपाटात शिरतेच, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात महिन्याकाठी पाहणी करावी. कुलूप पक्के असावे. काडतुसे असलीच तर ती वेगळ्या कुलपात, परवान्यावरच्या मर्यादेतच असावीत.

आणि कागद. शस्त्राचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, क्रमांकाचा आणि शिक्क्यांचा जवळून काढावा. जुना परवाना, नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती, तो उर्दू कागद, सगळे एका फाइलीत. उर्दू वाचणारे कोणी असेल तोवर त्याचे मराठी करून घ्यावे. आजीला काही आठवत असेल तर तेही तारखेसह लिहून ठेवावे. निवडणुकीच्या काळात प्रशासन शस्त्रे जमा करून घेऊ शकते. तेव्हा पोलीस ठाण्यात देताना शस्त्र कोरड्या सुती कापडात नीट गुंडाळून द्यावे, पावतीवर क्रमांक बरोबर आहे ना हे पाहावे आणि परत घेताना फोटोंशी ताडून घ्यावे. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोघांना तरी पाठ असावी.

घरात कोणालाच परवाना नको असेल, तर तेही वावगे नाही. मग शस्त्रविक्रेत्यामार्फत विकणे, किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या संमतीने एखाद्या सरकारी संग्रहालयाला देणे, हे मार्ग आहेत. संग्रहालयाला देताना कागदांची फाइलही द्यावी. फाइलीशिवाय ते तिथे फक्त ‘एक जुने रिव्हॉल्व्हर’ म्हणून पडून राहील.

तर काका आणि नातू यांनी आपला वाद या क्रमाने सोडवावा. प्रथम कायदा : शस्त्र आज कोणाच्या नावाने आहे? दुसरे, कारागिराची तपासणी. तिसरे, त्याची हकीगत आणि तिचे कागद आहेत का? आणि चौथे, झाडण्याची इच्छा कशासाठी? हकीगत आणि कागद असतील, झिलई मूळची असेल, तर माझे मत जपण्याच्या बाजूने आहे. बंदूक झाडण्याचा अनुभव नातवाला नेमबाजी केंद्रात दुसऱ्या शस्त्रावरही घेता येईल. आजोबांच्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरला दुसरे नाही. हकीगत नसेल, कागद नसतील, शस्त्र साधे असेल, तर रीतसर झाडून पाहायला काकांनीही आड येऊ नये. मात्र दोन्ही बाजूंनी मान्य करावे असे एक काम आहे, आणि ते या आठवड्यात करण्यासारखे आहे. पेटी उघडा, परवान्यावरचे नाव आणि तारीख वाचा. ती उलटून गेली असेल, तर झाडावे की जपावे हा वाद नंतर घाला. आधी पोलीस ठाणे गाठा, ठाणेदारांना लेखी कळवा आणि पावती घेऊनच घरी या.